जाडी-रंधा यंत्र: घेण्याआधी, बसवताना आणि चालवताना



सुगी आटोपली की गावात सुताराच्या दारात गर्दी होते. कुणाला नवा दरवाजा करायचा असतो, कुणाला दिवाण, कुणाला धान्याची पेटी. बांधावरचं झाड तोडून आरागिरणीतून फळ्या पाडून आणलेल्या असतात. त्या हातरंध्यानं घासायच्या म्हणजे चार-चार दिवस मोडतात. अशा वेळी तालुक्याच्या दुकानात किंवा मोबाईलच्या पडद्यावर एक छोटं यंत्र दिसतं. फळी एका बाजूनं घातली की दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत होऊन बाहेर येते. मन लगेच म्हणतं, घेऊन टाकू.

घ्यायला हरकत नाही. पण आधी माझ्या चुलतभावाची गोष्ट ऐका.

काकांनी तरुणपणी बांधावर सागाची चार झाडं लावली होती. काका गेले. भावानं रीतसर परवानगी काढून झाडं तोडली आणि त्याच लाकडाचा घराला पुढचा दरवाजा करायचा असं ठरवलं. फळ्या पाडल्या, दोन महिने अंगणात भिंतीला टेकवून ठेवल्या, आणि यंत्र विकत आणलं. फळ्या आरशासारख्या निघाल्या. दरवाजा बसला, पूजा झाली. पावसाळा गेला, दिवाळी आली आणि दरवाजा चौकटीत बसेना. वरचा कोपरा आत, खालचा बाहेर. भाऊ म्हणाला, "यंत्रानं फसवलं."

यंत्रानं फसवलं नव्हतं. यंत्राचं काम कोणतं आणि आपलं कोणतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगण्यासाठीच ही पत्रिका.

हे यंत्र काय करतं, काय करत नाही

यंत्राच्या पोटात एक आडवा रूळ असतो. त्यावर दोन किंवा तीन पाती बसवलेली असतात. सुतार याला 'ब्लॉक' म्हणतात. ब्लॉकच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन रबरी रोलर असतात. ते फळी खाली टेबलावर दाबून धरतात आणि पुढे ओढतात. टेबल आणि पाती यांच्यात जेवढं अंतर, तेवढी फळीची जाडी. एक उदाहरण घ्या. ब्लॉक मिनिटाला ८,५०० फेरे घेतो, त्यावर दोन पाती आहेत आणि फळी मिनिटाला साडेआठ मीटर सरकते. म्हणजे दर मिलिमीटरला दोन वेळा पातं लागतं. म्हणून फळी इतकी गुळगुळीत निघते.

आता नीट लक्ष द्या. फळीला पीळ असला किंवा बाक असला, तर रोलर तिला आत दाबून तात्पुरती सपाट करतात. पाती वरून तासतात. फळी बाहेर पडते, दाब सुटतो, आणि पीळ पुन्हा जागेवर येतो. फळी गुळगुळीत होते, सगळीकडे सारख्या जाडीची होते, पण वाकडीच राहते.

तेव्हा हे वाक्य गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा: यंत्र फळी सारखी करतं, सरळ करत नाही. सरळ करायची ती आपण, आणि वाळवायची तीही आपणच.

तीन यंत्रांत घोळ करू नका

दुकानात 'रंधा मशीन' म्हटलं की तीन वेगळ्या वस्तू दाखवतात.

१) हातात धरायचा विजेचा रंधा. याची रुंदी बहुधा ८२ मिलिमीटर, म्हणजे सव्वातीन इंच. किंमत सर्वांत कमी. फळीची एक बाजू खरडून सरळ करायला किंवा दरवाजाची कड घासायला चांगला. जाडी मात्र आपोआप सारखी होत नाही. हा रंधा उलटा करून बाकाला बांधायचा आणि त्यावर लाकूड ढकलायचं, असं काही जण करतात. ते करू नका. उघड्या पात्यावरून हात घसरायला क्षण पुरतो.

२) उघड्या ब्लॉकचं यंत्र, म्हणजे सरफेस प्लेनर. लोखंडी टेबलाच्या मधोमध ब्लॉक असतो आणि फळी हातानं ढकलावी लागते. फळी खरोखर सरळ होते ती याच्यावर. पण पातं खालून उघडं असतं आणि हात वरून जातो. ज्यानं हे काम शिकलेलं नाही, त्यानं एकट्यानं याच्या वाटेला जाऊ नये.

३) जाडी-रंधा, म्हणजे थिकनेस प्लेनर. ब्लॉक झाकलेला, फळी यंत्रच ओढतं. ही पत्रिका याच यंत्राबद्दल आहे. घरगुती मापाचं यंत्र १२ ते १३ इंच रुंदीची फळी घेतं, १,५०० ते १,८०० वॉटचं असतं आणि घरच्या सिंगल फेजवर चालतं. वजन साधारण २७ ते ४५ किलो. दोन माणसं उचलून ठेवू शकतात.

घ्यावं की घेऊ नये

एक दरवाजा आणि एक दिवाण एवढंच काम असेल तर यंत्र घेऊ नका. फळ्या तालुक्याच्या लाकूड कारखान्यात नेऊन रंधून आणा. किती फळ्या आहेत ते मोजा, तिथला दर विचारा, टेम्पोचं भाडं मिळवा. हा आकडा यंत्राच्या किमतीशेजारी लिहा. बहुतेकांचा निर्णय तिथंच होतो.

दरवर्षी काम निघत असेल तर गोष्ट वेगळी. बांधावर झाडं आहेत, जुन्या घराच्या तुळया-फळ्या पडून आहेत, मधमाश्यांच्या पेट्या किंवा फळांचे खोके करायचे आहेत, अशा वेळी यंत्र परवडतं. चार-पाच घरांनी मिळून घेतलं तर आणखी बरं. आणि एक सुचवतो: गावच्या सुताराला भागीदार करून घ्या. लाकडाची जाण त्याच्या हातात आहे, ती यंत्राबरोबर खोक्यात येत नाही.

किंमत रोज बदलते म्हणून ती इथं छापत नाही. पण हिशेबात यंत्राखेरीज हा खर्च धरा: पात्यांची एक जादा जोडी, मोटरच्या कार्बनची एक जोडी, जाड वायर, मजबूत बाक, चष्मा, कान झाकणारी टोपी आणि मास्क.

दुकानात काय पाहावे

• पाती कुठं मिळतील हे सर्वांत आधी विचारा. सुटी पाती मिळत नसतील तर यंत्र फुकट मिळालं तरी नको. पाती दोन्ही बाजूंनी धार असलेली आहेत की पुन्हा धार लावता येणारी, तेही विचारा.
• ब्लॉकची पेटी चार जाड खांबांवर वर-खाली होते. पेटी हातानं धरून हलवून पाहा. खिळखिळी वाटली तर सोडून द्या.
• पेटी एका जागी घट्ट करणारा खटका असेल तर उत्तम. त्यानं फळीचं टोक खाल्लं जाणं कमी होतं.
• पुढची-मागची टेबलं लांब असावीत आणि त्यांची उंची स्क्रूनं बदलता यावी.
• जुनं यंत्र घेत असाल तर रबरी रोलर दाबून पाहा. रबर कडक किंवा चकचकीत झालं असेल तर फळी घसरते. यंत्र चालू करायला लावून आवाज ऐका. बेअरिंग घरघरत असेल तर तो खर्च किमतीतून वजा करा.
• वापराची पुस्तिका मागून घ्या. खाली जिथं जिथं 'पुस्तिकेप्रमाणे' म्हटलं आहे, तिथं तिचा शब्द शेवटचा.

वीज

१,८०० वॉटचं यंत्र २३० व्होल्टला सुमारे ८ अँपिअर ओढतं. दिव्या-पंख्याच्या छोट्या सॉकेटवर ते लावू नका. १६ अँपिअरचा सॉकेट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-रक्षक स्विच बसवून घ्या.

घरापासून गोठ्यापर्यंत वायर ओढताना कंजुषी करू नका. शंभर फूट अंतर धरा. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर वाटेत साडेतीन व्होल्टच्या आसपास पडतात. पाऊण चौरस मिलिमीटरची पातळ वायर असेल तर बारा व्होल्ट पडतात. गावात संध्याकाळी आधीच व्होल्टेज कमी असतं. त्यातून आणखी बारा गेले की मोटर अडते, तापते, जळते. गुंडाळी करून ठेवलेली वायर तर स्वतःच तापते. ती पूर्ण उलगडा.

शेतीपंपाच्या जोडणीवर हे यंत्र चालवू नका. ज्या कामासाठी जोडणी दिली ते सोडून दुसऱ्या कामासाठी वीज वापरणं हे २००३ च्या वीज कायद्याच्या १२६ व्या कलमाखाली येतं आणि त्याचा भुर्दंड मोठा असतो. पैसे घेऊन गावाच्या फळ्या रंधणार असाल तर घरगुती मीटर चालेलच असं धरून चालू नका. महावितरणच्या कार्यालयात विचारून योग्य जोडणी घ्या.

यंत्र बसवावे असे

जागा: सहा फुटी फळी रंधायची तर यंत्राच्या पुढे सात फूट आणि मागे सात फूट मोकळी जागा हवी. वर छप्पर हवं. गुरांजवळ नको, आवाजानं ती बुजतात.

बाक: कमरेच्या उंचीचा, जड, न हलणारा. यंत्र त्याला नटबोल्टनं आवळा. बाक पाणसळीनं तपासा. मागं-पुढं फळीला आधार देणारी घोडी यंत्राच्या टेबलाच्या बरोबर उंचीवर ठेवा.

टेबलं: एक सरळ पट्टी पुढच्या टेबलापासून मागच्या टेबलापर्यंत आडवी ठेवा. मधल्या टेबलाशी तिन्ही एका पातळीत यायला हवीत. बाहेरची टोकं एका नाण्याच्या जाडीएवढी वर ठेवली तर चालतं. खाली झुकलेली मुळीच नकोत.

टेबलाचा पत्रा: कारखान्यातून येताना लावलेलं तेल पुसून काढा. मग साधी मेणबत्ती घासा आणि कोरड्या फडक्यानं चोळा. फळी सहज सरकते. तेल लावू नका, ते लाकडात मुरतं आणि पुढं पॉलिश धरत नाही.

पाती: हात लावण्याआधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. पुस्तिकेप्रमाणे गेज लावून सगळी पाती एका उंचीवर आणा. स्क्रू एकदम आवळू नका. मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. शेवटी प्रत्येक स्क्रू पुन्हा तपासा. सैल पातं म्हणजे बंदुकीची गोळी.

परीक्षा: एकाच लाकडाच्या दोन अरुंद पट्ट्या घ्या. यंत्राचं माप न बदलता एक टेबलाच्या डाव्या कडेनं आणि दुसरी उजव्या कडेनं काढा. व्हर्नियरनं दोन्हींची जाडी मोजा. फरक असेल तर ब्लॉक तिरपा आहे. तो पुस्तिकेप्रमाणे सरळ करा, मगच चांगल्या फळीला हात घाला.

लाकूड तयार करणे

इथंच माझ्या भावाचं चुकलं, म्हणून हे सावकाश वाचा.

झाड तोडण्याआधी: साग, आंबा, फणस, चिंच, मोह, खैर अशा झाडांना राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, झाड स्वतःच्या बांधावरचं असलं तरी. तोडण्याआधी वन खात्याच्या कार्यालयात विचारा. लाकूड गावाबाहेर न्यायचं असेल तर वाहतूक पासाचंही विचारा.

जाडी: लाकडाचं माप सूतात करणं सोपं. आठ सूत म्हणजे एक इंच, एक सूत म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आत-बाहेर. सहा सूत, म्हणजे पाऊण इंची फळी हवी असेल तर आरागिरणीत पूर्ण इंचाची पाडा. दोन सूत वाळण्यात आणि रंधण्यात जातात.

वाळवणे: फळ्या उन्हात भिंतीला टेकवू नका. एक बाजू वाळते, दुसरी ओली राहते आणि फळी पन्हाळीसारखी होते. सावलीत, वाऱ्यावर, जमिनीपासून हातभर वर थर लावा. दर दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या दीड-दोन फुटांवर ठेवा. वरच्या थरातल्या पट्ट्या खालच्या थरातल्या पट्ट्यांच्या बरोबर वर यायला हव्यात. फळ्यांच्या टोकांना जुना रंग किंवा मेण फासा, नाहीतर टोकं आधी वाळून चिरतात. ढिगावर दगडांचं वजन ठेवा.

किती दिवस? इंचाच्या जाडीला एक वर्ष, असं जुने सुतार सांगतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लवकर होतं, कोकणच्या दमट हवेत वेळ लागतो. खात्री करायची सोपी रीत आहे. ढिगातली एक फळी काढून दर पंधरवड्याला धान्याच्या काट्यावर तोला आणि तिच्यावरच वजन लिहा. वजन उतरायचं थांबलं की फळी तुमच्या हवेपुरती वाळली. हे मोजमाप पावसाळ्यात नको, तेव्हा लाकूड उलट पाणी पितं.

खिळे: जुन्या वाड्याच्या फळ्या असतील तर लोहचुंबक फिरवा आणि तारेच्या ब्रशनं माती-रेती काढा. एक खिळा पात्याची सगळी जोडी घालवतो. रंग दिलेली फळीही यंत्रात घालू नका.

एक बाजू सरळ करणे: फळीच्या दोन्ही टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवा. खाली वाकून एका पट्टीवरून दुसरीकडे पाहा. दोन्हींच्या कडा समांतर दिसल्या तर पीळ नाही. पीळ असेल तर हातरंध्यानं उंच कोपरे उतरवा.

ते जमत नसेल तर दुसरी युक्ती. फळीएवढा लांब सहा सूती प्लायचा सपाट पाट घ्या. त्याच्या पुढच्या टोकाला एक पातळ अडणी ठोका, म्हणजे फळी सरकणार नाही. अडणी फळीपेक्षा चांगली बुटकी असावी आणि तिचे खिळे टोकाला, पात्याच्या वाटेबाहेर असावेत. फळी पाटावर ठेवा आणि जिथं ती अधांतरी आहे तिथं लाकडी पाचरी सरकवून डिंकानं चिकटवा. आता पाटासकट यंत्रातून काढा. फळी दबत नाही, म्हणून वरची बाजू खरी सपाट होते. मग पाट बाजूला ठेवा, ती सपाट बाजू खाली करा आणि दुसरी बाजू रंधा.

चालवण्याची रीत

१) फळीची रेषा पाहा. बैलाच्या पाठीवरून केसांच्या दिशेनं हात फिरवला तर अंग गुळगुळीत लागतं, उलटा फिरवला तर केस उभे राहतात. लाकडाचं तसंच. उलट्या रेषेनं घातली तर फळी उचकटते. तसं झालं तर फळी फिरवून दुसऱ्या टोकानं घाला.
२) एका वेळी थोडंच काढा. सागाला अर्धा सूत. बाभळीसारख्या कठीण लाकडाला किंवा रुंद फळीला पाव सूत.
३) दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं काढा. एकाच बाजूनं काढलं तर आतला ओलावा एकीकडे उघडा पडतो आणि फळी वाकते.
४) एका कामाच्या सगळ्या फळ्या एकाच मापावर एकामागून एक काढा, मगच माप बदला.
५) एक फुटाहून तोकडा तुकडा घालू नका. दोन्ही रोलरनी फळी धरायला हवी.
६) शेवटच्या मापाला अर्धा सूत उरला की फळ्या दोन दिवस पट्ट्यांवर ठेवा आणि मग शेवटचा हात फिरवा.

बिघाड आणि उपाय

• फळीच्या टोकाला दोन-तीन इंच खड्डा पडतो: टोक एकाच रोलरखाली असताना उचललं जातं. फळीला मागून-पुढून आधार द्या, फळ्या टोकाला टोक लावून घाला, आणि फळी तीन-तीन इंच लांब ठेवून टोकं नंतर कापा.
• फळीवर उभी उंच रेघ उठते: पात्याला दात पडला आहे. पातं बदला. पात्यात जागा असेल तर एक पातं किंचित बाजूला सरकवलं तरी रेघ जाते.
• लाकूड केसाळ निघतं, मोटर कण्हते: धार गेली. सागात वाळूचा अंश असतो, त्यावर धार लवकर जाते.
• फळी अडकते: टेबलाला मेण लावा, रोलर पुसा, कमी काढा.

जिवाची काळजी

धोतराचा सोगा, उपरणं, पदर, सैल बाही आणि हातमोजे यंत्राजवळ नकोत. बांगड्या-कडी काढून ठेवा. फळीच्या सरळ रेषेत मागे उभे राहू नका, बाजूला राहा. फळी आत गेली की हात सोडा, फळीखाली बोटं घालू नका. कीस अडकला तर बटण बंद, प्लग बाहेर, ब्लॉक पूर्ण थांबेपर्यंत थांबा, आणि मग काडीनं काढा, बोटानं नाही. काम संपलं की प्लग काढून ठेवा. पोरं सुट्टीत हमखास तिथं जातात. बारीक भुसा छातीत बसतो, म्हणून मास्क लावाच.

कीस वाया घालवू नका

एका दिवसात पोतीच्या पोती कीस निघतो. रंग किंवा औषध न लावलेल्या लाकडाचा कोरडा कीस कोंबड्यांच्या खाली अंथरायला चालतो. पण कच्चा कीस नांगरटीत मिसळू नका. कुजताना तो जमिनीतला नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळं पडतं. शेणाबरोबर खड्ड्यात चांगला कुजवा, मग शेतात टाका. ढीग यंत्राजवळ साठवू नका आणि तिथं विडी ओढू नका.

शेवटी माझ्या भावाचं सांगतो. त्याच्या पाच फळ्या उरल्या होत्या. त्या त्यानं माळ्यावर पट्ट्या घालून वर्षभर ठेवल्या, दर पंधरवड्याला तोलल्या, सुताराला बोलावून पीळ काढला आणि मग यंत्रातून काढल्या. दरवाजा पुन्हा केला. आता दोन पावसाळे गेले, तो एका बोटानं लागतो. काकांची झाडं शेवटी दारात उभी राहिली. त्यातलं निम्मं लाकूड मात्र घाईपायी गेलं.

तुमचं तसं जाऊ नये. आधी वाळवा, मग सरळ करा, मग यंत्र. काही अडलं तर पत्र लिहा. फळीची जात, जाडी आणि किती दिवस वाळवली ते जरूर कळवा, म्हणजे उत्तर नेमकं देता येईल.

राम राम.